ऊन फुकट, पण ‘हो’ कोण म्हणणार?

बालमित्रांनो, एक कोडं घालते. रोज दारात येतं, पैसे मागत नाही, कितीही वापरलं तरी संपत नाही. पण त्याच्यापासून वीज करायची म्हटलं की दहा जणांना विचारावं लागतं. ओळखा पाहू!

बरोब्बर! ऊन. आणि उन्हासारखंच वाऱ्याचं आणि डोंगरावरून कोसळणाऱ्या पाण्याचंही आहे. कोळसा एकदा जाळला की संपला. ऊन, वारा, पाणी मात्र पुन्हा पुन्हा मिळतात. म्हणून त्यांच्यापासून मिळणाऱ्या ऊर्जेला नूतनीकरणक्षम ऊर्जा म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण अर्थ सोपा आहे.

आता गंमत बघा. ऊन-वारा-पाणी निसर्ग देतो. त्यांची वीज करायची की नाही, ते माणसं ठरवतात. तिथं राहणाऱ्या लोकांना काय वाटतं, आणि सरकारचा नियम काय सांगतो, या दोन गोष्टींवर सगळं अडतं किंवा सुटतं. ते कसं, हे पाहायला आपण तीन ठिकाणी जाऊ. पहिलं मुळशी, दुसरं साताऱ्याचं पठार आणि तिसरी, तुमच्याच इमारतीची गच्ची!

मुळशीचं पाणी, मुंबईचा दिवा

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळसा लांबून यायचा, धूर मुंबईत राहायचा. सह्याद्रीवर पडणारा धो धो पाऊस अडवून त्याची वीज करायची, अशी कल्पना टाटांच्या कंपनीनं उचलली. १९१५ साली खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं, १९२२ साली भिवपुरीचं. तिसरं केंद्र भिऱ्याला व्हायचं होतं, आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यात मुळशीला, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमावर, धरण हवं होतं. पूर्वेला वाहत जाणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून उलटं पश्चिमेला वळवायचं आणि घाटाखाली सुमारे ५०० मीटर खोल सोडायचं. त्या जोरावर चाकं फिरणार, वीज होणार!

पण त्या खोऱ्यात गावं होती. भाताची खाचरं होती, देवळं होती, माणसांची घरं होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं सरकारला जमीन घ्यायचा अधिकार होता. मालकाची संमती हवीच, असं त्यात कुठंच नव्हतं. मग १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्यानं दिलं, बरं का! माणसं तुरुंगात गेली, बायकाही गेल्या. तीनेक वर्षांनी लढा थंडावला. धरण झालं आणि १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

आता तुम्हीच सांगा, ही वीज चांगली की वाईट? धूर नाही, राख नाही. भिऱ्याचं केंद्र आजही मुंबईला वीज देतं. पण ज्यांची खाचरं बुडाली, त्यांना “तुम्हांला चालेल का?” असं कुणी विचारलंच नव्हतं. स्वच्छ वीजसुद्धा अन्यायानं मिळवता येते, हे मुळशीनं दाखवलं.

जुना कायदा बदलायला फार वर्षं लागली. २०१३ साली नवा कायदा झाला. खासगी कंपनीसाठी सरकारनं जमीन घ्यायची, तर ज्यांची जमीन जाणार त्यांतल्या किमान ८० टक्के कुटुंबांची संमती घ्यावी, असं त्यात आलं. पुढं काही राज्यांनी काही कामांना त्यातून सूट दिली, ती गोष्ट वेगळी. पण विचारायला हवं, हे तरी कायद्यात लिहिलं गेलं.

पवनचक्की ढग पळवते?

आता साताऱ्याला चला. पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, ठोसेघरजवळचं चाळकेवाडी, ही उंच पठारं म्हणजे वाऱ्याची माहेरघरं. २००० सालाच्या आसपास तिथं ओळीनं पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वाराच लागला म्हणून राहिल्या का? नाही! वारा तर शिवाजीमहाराजांच्या काळीही होता. महाराष्ट्र वीज नियामक आयोग नावाची एक संस्था आहे. विजेचे दर आणि नियम ती ठरवते. २००३ साली या आयोगानं वाऱ्यापासूनच्या विजेचा भाव ठरवून दिला. नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटमागे साडेतीन रुपये, पुढं दर वर्षी १५ पैसे वाढ, अशी १३ वर्षं. वीज विकली जाईल आणि खर्च निघेल, याची खात्री पटली. नियमानं पाती फिरतात, ती अशी!

पण त्याच सुमाराला दुष्काळ पडला. सातारा-सांगलीकडच्या गावांत बोलबाला झाला की या पवनचक्क्या ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही. लोक चिडले. वाटणं साहजिक होतं. डोंगरावर भलंमोठं काहीतरी गरगर फिरतंय आणि खाली विहीर आटलीय!

आपण मात्र तपासून पाहू. पवनचक्कीचा खांब ५०-६० मीटरचा, कधी त्याहून जास्त. पावसाळी ढगाची जाडी हजारो मीटर. उशाजवळच्या पंख्यानं आभाळ हलेल का? दुसरं, महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. कारण सह्याद्री! ढग पश्चिमेच्या कड्यांवर रिकामे होतात आणि पलीकडं कोरडे पोचतात. तिसरं, तुमच्या आजीआजोबांना १९७२ चा दुष्काळ विचारा. तेव्हा त्या पठारांवर एकही पवनचक्की नव्हती.

म्हणजे लोक अडाणी होते, असं म्हणून हसायचं का? मुळीच नाही. ढगांची गोष्ट खोटी होती, पण तिच्या पोटात एक खरा प्रश्न लपला होता. पाती आमच्या माथ्यावर, वीज जाणार तारेतून दूर, मग आम्हांला काय? विजेचा भाव ठरवताना वीज करणारा आणि विकत घेणारा, या दोघांचा हिशेब होतो. माथ्याखालच्या गावाचा हिशेब कुणीतरी वेगळा मांडावा लागतो.

डेन्मार्क या छोट्या देशात तो मांडला गेला. राजधानी कोपनहेगनजवळ समुद्रात २००१ साली २० पवनचक्क्या सुरू झाल्या. त्यांतला निम्मा हिस्सा एका सहकारी संस्थेचा आणि तिचे सभासद आठ हजारांहून जास्त! आपल्याकडं साखर कारखान्याचे असतात ना, तसे. पुढं तिथं कायदाही झाला. नव्या पवनचक्कीचा किमान २० टक्के हिस्सा आसपासच्या रहिवाशांना विकत घ्यायला देऊ करायचा. २००९ पासून सुमारे दहा वर्षं हा नियम होता. जे पातं आपलंही आहे, त्याचा आवाज कानाला कमी खुपतो!

आता तुमची गच्ची

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. आपल्या उपनगरांत ना नदीचं खोरं, ना वाऱ्याचं पठार. आपल्याकडं आहे गच्ची! एक किलोवॅटच्या सौर पट्ट्यांना साधारण १०० चौरस फूट जागा लागते. वर्षाची सरासरी काढली तर त्या दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देतात. एप्रिल-मेमध्ये जास्त, आषाढात कमी. १० किलोवॅट बसवले तर रोज ४० युनिट. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांना केवढी मदत!

पण दुपारी जास्तीची झालेली वीज ठेवायची कुठं? इथं पुन्हा नियम येतो. शेजारच्या काकूंकडं दुपारी वाटीभर साखर ठेवायला द्यायची आणि रात्री परत आणायची, तसं हे आहे. जास्तीची वीज कंपनीच्या तारांत जाते, रात्री आपण तारांतून घेतो, मीटर दोन्हीकडचं मोजतं आणि बिल फक्त फरकाचं येतं. याला नेट मीटरिंग म्हणतात. २०१५ साली आयोगानं याचे नियम केले, २०१९ साली ते नव्यानं केले. मग अंधेरी-बोरिवली-घाटकोपरला अदानी किंवा टाटांची वीज असो, की मुलुंडला महावितरणची, नियम एकच. मर्यादाही आहे. तुमच्या मीटरला जेवढा भार मंजूर आहे, त्याहून मोठा संच बसवता येत नाही. २०२४ साली केंद्र सरकारची योजना आली, तिच्यात सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान ठरलं.

मग सगळ्या गच्च्यांवर पट्ट्या का दिसत नाहीत? कारण गच्ची एकट्याची नसते. सोसायटीच्या सभेत ठराव व्हावा लागतो. आणि सभेत काय होतं, ते तुम्हांला ठाऊकच आहे! वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणतात, “भोकं पाडली की माझ्याकडं गळणार.” कुणी म्हणतं, “पापड कुठं वाळवायचे?” तळमजल्यावरचे काका विचारतात, “मी लिफ्ट वापरत नाही, मग वर्गणी का देऊ?” कुणी म्हणतं, “पाच वर्षांत इमारत पाडून नवी बांधणार, मग कशाला?” आणि शेजारी तीस मजली टॉवर उभा राहिला, तर आपलं ऊनच अडेल त्याचं काय?

आता सांगा, यातलं मुळशी कुठलं आणि ढगांची गोष्ट कुठली? गळतीची भीती तपासता येते. इंजिनीअरला बोलवा, भोक न पाडता वजनावर उभा राहणारा सांगाडाही मिळतो. काकांचा प्रश्न मात्र न्यायाचा आहे. त्याला “गप्प बसा” हे उत्तर नाही, हिशेब हे उत्तर आहे. आणि ज्यांच्या घरावर पत्रा आहे, गच्चीच नाही, त्यांच्या वाट्याला हे ऊन कसं येणार? हा प्रश्न तर सभेत कुणी विचारतच नाही. तो तुम्ही विचारा.

म्हणून दोस्तांनो, या रविवारी मोठ्या माणसाबरोबर गच्चीवर जा. कठड्यापासून दूर राहा. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता टाकीची, शेजारच्या इमारतीची सावली कुठवर येते, ते खडूनं आखा. सावली न पडणारी जागा मोजा आणि चौरस फुटांना १०० नं भागा. झाले तुमचे किलोवॅट! मग सोसायटीचं वीजबिल मागून घ्या आणि त्यावरचा मंजूर भार वाचा. शेवटी चार घरी जाऊन विचारा, “तुम्हांला चालेल का? नाही, तर का नाही?”

प्रत्येक ‘नाही’ वहीत लिहा. तपासता येण्यासारखं एका पानावर, न्यायाचं दुसऱ्या पानावर. पुढच्या सभेला ती वही आईबाबांच्या हातात द्या.