साप पाळावा तर कोणता?

तरुण मंडळींकडून अलीकडे वारंवार येणारा एक प्रश्न आजच्या विवेचनासाठी घेतला आहे. कुत्रा पाळतात, पोपट पाळतात, मग साप का पाळू नये? आणि पाळायचाच झाला, तर तो कोणत्या जातीचा असावा? प्रश्न ऐकून वडीलधारी माणसे दचकतात. परंतु दचकणे हे काही उत्तर नव्हे. विचारणाऱ्याची जिज्ञासा खरी असेल, तर एकेक जात पुढे घेऊन तिची शांतपणे पारख करणे हाच न्याय्य मार्ग होय.

पारख करायची म्हणजे आधी कसोट्या ठरवल्या पाहिजेत. पहिली कसोटी विषाची, दुसरी आकाराची व आहाराची, तिसरी स्वभावाची, आणि चौथी कायद्याची. या चार चाळण्यांतून जो साप खाली उतरेल, तो पाळण्यास योग्य म्हणावा.

आपला मूल तालुका धानाचा. धान आले की उंदीर आले, आणि उंदीर आले की त्यांच्यामागे साप येणारच. शिवाय एका अंगाला ताडोबाचे रान आणि पूर्वेकडे गडचिरोलीचे जंगल. त्यामुळे नमुन्यांची आपल्याकडे वाण नाही.

विषाच्या कसोटीवर चार जाती तत्काळ बाद होतात : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. यांतील मण्यारीचे वर्तन विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ती रात्री हिंडते, पावसाळ्यात घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंश इतका सौम्य असतो की पुष्कळदा निजलेला जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि श्वास कोंडू लागेपर्यंत कारण कळत नाही. आपल्या भागात काळ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांची पट्टेरी मण्यारही आढळते. ती दिवसा इतकी मंद असते की अजाण माणसाला ती गरीब वाटावी. परंतु आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस वरील चार जातींच्या विषापासून सिद्ध केलेली असते. पट्टेरी मण्यारीवर तिचा भरवसा धरता येत नाही.

कोणी म्हणेल, विषारी सोडून बिनविषारी तेवढा घेऊ. येथेच खरी अडचण उभी राहते, कारण निसर्गाने नकला फार केल्या आहेत. कवड्या साप बिनविषारी आहे, पण त्याच्या अंगावरचे आडवे पट्टे मण्यारीची आठवण करून देतात. साधारण नियम असा की कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात व शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे याच्या उलट, शेपटीकडे दाट व मानेकडे विरळ. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची एक ओळही असते. पण ही ओळ पाहायला जितके जवळ जावे लागते, तितके जवळ जाणे शहाणपणाचे नव्हे. तीच गोष्ट घोणशीची. तिच्या अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डुरक्या घोणस नावाच्या निरुपद्रवी सापाच्या अंगावर वेडेवाकडे डाग असतात व शेपूट आखूड असते. अजगराचे पिल्लूही घाईत पाहणाऱ्याला घोणशीसारखेच भासते. पुस्तकातील चित्रात हे भेद स्पष्ट असतात; कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात ते तितके स्पष्ट राहत नाहीत.

आता बिनविषारी जाती पाहू. धामण सहा-सात फूट सहज वाढते, चपळ असते, आणि धरली तर कडकडून चावते. कोंडून ठेवलेली धामण पिंजऱ्याच्या जाळीवर नाक घासून जखमी करून घेते. पाण्यातला विरोळा, म्हणजेच ढोंड्या, बिनविषारी खरा, पण स्वभावाने महातापट. अजगर शांत दिसतो. मात्र तो दहा फुटांच्या घरात जातो, आणि त्याची भूक भागवणे साध्या संसाराला झेपणारे नाही.

उरला मांडूळ. स्वभावाने मऊ, अंगाने मध्यम, मातीत पुरून राहणारा. पहिल्या तीन कसोट्यांवर हाच उतरतो. आणि नेमके हेच त्या बिचाऱ्याच्या मुळावर आले आहे. त्याची बोथट शेपटी डोक्यासारखी दिसते म्हणून तो दुतोंड्या ठरला. दुतोंड्या ठरला म्हणून गुप्तधन दाखवतो अशी आवई उठली. आणि त्या आवईवर लाखांचे व्यवहार होऊ लागले. मांडुळाला तोंड एकच असते, आणि जमिनीखाली तो शोधतो ते उंदीर. सोन्याची त्याला गरज नाही. तथापि या व्यवहारात सापडून तुरुंगाची वाट धरलेले तरुण महाराष्ट्रात थोडे नाहीत.

कारण चौथी चाळणी कायद्याची आहे, आणि तिच्यातून आपल्या देशातला एकही रानटी साप खाली उतरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडणे, बाळगणे व विकणे हा गुन्हा ठरवला आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक निघत असे. शतकांची परंपरा असूनही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती थांबवावी लागली. २०२५ साली केंद्र सरकारने दिली ती केवळ शैक्षणिक कारणासाठी, मर्यादित व सशर्त परवानगी. गारुड्याच्या टोपलीतील नागाचे दात बहुधा मोडलेले असत. तो पुंगी डोलवी, आणि नाग त्या हालचालीवर लक्ष ठेवी. यालाच आपण नागाचे संगीतप्रेम समजलो. दूधही सापाचा आहार नव्हे. उपाशी-तहानलेला साप नाइलाजाने ते पितो आणि पुष्कळदा त्यानेच मरतो.

मग परदेशी साप? शहरांतून आफ्रिकेतला बॉल पायथन व अमेरिकेतला कॉर्न स्नेक आणून विकला जातो, आणि मोबाइलवर त्यांची चित्रे पाहून आपल्या मुलांनाही मोह होतो. दोन्ही बिनविषारी, तीन ते पाच फुटांचे, हाताळण्यास सोशीक. परंतु बॉल पायथन आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने, २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर तो बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. हा साप वीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाने आणलेला साप त्याच्या लग्नानंतरही घरात असणार. मुलगा नोकरीसाठी नागपूर-पुण्यास गेला, की त्याला उंदीर घालायचे काम आईकडे येणार! त्याला पंचवीस ते बत्तीस अंशांची ऊब लागते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसापलीकडे जातो, आणि वीज गेली की बंद पेटीत त्या प्राण्याचे काय होईल, याचा विचार आधीच केलेला बरा.

कंटाळा आला म्हणून रानात सोडून देऊ म्हणाल, तर अमेरिकेतील फ्लोरिडाकडे पाहा. हौसेने पाळलेले ब्रह्मदेशी अजगर तेथील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत मोकळे झाले, वाढले, आणि तिथले ससे व रॅकून त्यांनी जवळजवळ संपवले. २०१२ साली त्या अजगरांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. पण तोवर अजगरांनी मूळ धरले होते.

आणखी एक गोष्ट. कुत्रा मालकाला ओळखतो, त्याची वाट पाहतो. साप हाताला सरावतो, बुजायचा थांबतो; पण तो लळा नव्हे. ज्याला प्रेमाची परतफेड हवी, त्याने सापाकडे ती मागू नये.

येथे कोणी हेमलकशाचे उदाहरण देईल. १९७३ साली भामरागडच्या अरण्यात सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी जे प्राणी सांभाळले, त्यांत सापही होते. परंतु ते अनाथालय आहे. शिकारीत आई गमावलेली पिल्ले आदिवासींनी आणून दिली, त्यातून ते वाढले. तेथे निवड करणारा माणूस नव्हता. गरज प्राण्याची होती. हौस आणि आसरा यांतला हा फरक ज्याला कळला, त्याला आजचा अर्धा विषय कळला.

मग साप पाळूच नये काय? माझे उत्तर असे की जरूर पाळावा, पण पिंजऱ्यात नव्हे, बांधावर. आणि त्यासाठी निवड करायची तर धामणीची करावी. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ती नागाची मादी आहे, असे पुष्कळ समज तिच्याविषयी आहेत, सारे खोटे. सापाला ओढून पिण्याजोगे ओठच नसतात, आणि नागाची मादी नागीणच असते. धामण उंदरांच्या बिळात शिरून पिल्लांसकट कुटुंब फस्त करते. कोठीतले धान राखण्याबद्दल ती पगार मागत नाही. तिला फक्त काठी नको असते.

या पाळण्याचे नियम सोपे आहेत. घराभोवती विटांचे व लाकडांचे ढीग ठेवू नयेत. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी खोचून निजावे. धानकापणीला पायात बूट घालावेत. साप घरात आला तर त्याच्यावर नजर ठेवून वनविभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला कळवावे. दंश झालाच तर चिरा देऊ नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. दंश झालेला अवयव न हलवता रोग्याला सरळ रुग्णालयात न्यावे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या शेतीच्या दिवसांत गेली. यांतल्या कित्येकांना वेळेवर मिळालेली लस वाचवू शकली असती.

थोडक्यात, सापाची निवड आपण करावी अशी वेळच नसते. तो आपल्या शेताची निवड आधीच करून बसलेला असतो. आपल्या हाती राहते ते एवढेच, की ओळखीने वागावे की भीतीने. या पावसाळ्यात बांधावर धामण दिसली आणि आपला हात काठीकडे गेला नाही, तर साप कसा पाळावा हे आपल्याला समजले असे म्हणता येईल.