ठिणगी कुठे गळते?

पावसाळी सकाळी गाडी आचके देते. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, प्लग-कॉइल सगळंच बदलू." जरा थांबा. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते, तेव्हा कुठे प्लगच्या जेमतेम मिलिमीटरभर फटीत ठिणगी उडते. कॉइलच्या रबरी नळीला बारीक चीर असली, की ओल धरताच वीज तिथूनच पळते. पाट फुटल्यावर शेवटचा वाफा कोरडा राहतो, तसंच.

स्कॅनरवर 'पी०३०१' हा कोड म्हणजे पहिला सिलिंडर चुकतोय, एवढंच. कॉइल मेल्याचा तो दाखला नव्हे! कोड पुसून पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. आता 'पी०३०२' आला? चोर कॉइलच. जुनाच आला, तर प्लग काढून बघा. पेट्रोलने ओला असेल तर बहुधा ठिणगीच पडत नाहीये. कोरडा, पांढुरका असेल तर इंजेक्टर तपासा.