विहिरीला पाणी येते कोठून?

निघोज म्हटले की कुकडी नदीतील रांजणखळगे आठवतात. ते पारनेर तालुक्यातील निघोज. खेड तालुक्यातील निघोजे हे गाव वेगळे, इंद्रायणीच्या काठचे आणि चाकणच्या कारखान्यांच्या शेजारचे. दोन्ही गावांच्या पायाखाली खडक मात्र एकच आहे, तो म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण.

"विहिरीला पाणी कोठून येते?" असे वर्गात विचारून पाहावे. "जमिनीखाली नदी वाहते" असे उत्तर हमखास मिळते. ते बरोबर नाही. याचा उलगडा विहिरीच्या कडेलाच होतो.

न बांधलेल्या विहिरीत वरून खाली पाहिले की बहुधा प्रथम काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या किंवा कठीण पाषाण असे थर दिसतात. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस पुनःपुन्हा बाहेर पडला व थरावर थर साचले. लाव्हा थंड होताना आकसला, त्यामुळे खडकाला सांधे पडले. लाव्हातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिले ती मांजऱ्यातील छिद्रे. यांपैकी कित्येक छिद्रांत पुढे झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरली. खडक झिजून मुरूम झाला, मुरूम झिजून माती झाली.

पाणी राहते ते मुरमाच्या कणांमधील जागेत आणि खडकाच्या सांध्यांत. खडकात छिद्रे आहेत एवढ्याने भागत नाही. ती एकमेकांना जोडलेली असली तरच पाणी वाहते. पाणी धरून ठेवणे म्हणजे सच्छिद्रता, वाहू देणे म्हणजे पार्यता. हे दोन गुण एक नव्हेत.

करून पाहा: प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांचे बूड कापून तोंडाला फडके बांधा व बाटल्या उलट्या टांगा. एकीत काळी माती व दुसरीत मुरूम समान उंचीपर्यंत भरा. प्रत्येकीत एक पेला पाणी ओता. दहा मिनिटांत खाली किती पाणी जमले ते मोजा. काळी माती फुगते, पाणी धरते. पण सहजी सोडत नाही. म्हणूनच पाऊस थांबल्यावरही पिकाची मुळे त्या ओलाव्यावर तग धरतात.

आता गावाकडे वळू. शेताच्या जागी छप्पर किंवा काँक्रीट आले की मुरमाचे तोंड बंद होते. समजा, 1000 चौरस मीटर छपरावर वर्षात 600 मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी होते 6 लाख लिटर! जिरण्याची सोय नसेल तर ते गटारावाटे निघून जाते. उलट, सांध्यांतून पाणी फारसे गाळले न जाता खाली उतरते. त्यामुळे उघड्यावर सोडलेले सांडपाणीही त्याच वाटेने विहिरीत पोचू शकते. पुनर्भरण करायचे ते स्वच्छ पाण्याचेच, हे यावरून लक्षात येईल.

आपल्या शाळेच्या छपरावर वर्षाला किती पाणी पडते आणि ते कोठे जाते? विद्यार्थ्यांनी मोजून, हिशोब करून सांगावे.