कन्व्हर्टर बदलताना गॅस्केटची निवड

पोते कितीही जाड तागाचे असो, शिवण कच्ची राहिली तर गोदामापासून दुकानापर्यंत धान्याची रेघ पडत जाते. धान्याच्या घाऊक व्यापारात हयात घालविलेल्या माझ्यासारख्याने मोटारीच्या यंत्राविषयी लिहावे याचे कित्येक बंधूंस नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी जो प्रसंग घडला, त्यात दोष या कच्च्या शिवणीसारखाच निघाला. हल्ली आपल्या समाजातील बहुतेक घरांत मोटार आहे, तरुणांस वेगवान गाड्यांची हौसही आहे. म्हणून तो अनुभव येथे मांडीत आहे.

माझ्या पुतण्याने दोन आसनांची एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. तिचा कन्व्हर्टर निकामी झाल्यामुळे परगावच्या एका गॅरेजमध्ये नवा बसवून घेतला. दोन महिन्यांनी चोर्ला घाटातून गोव्यास जाताना गाडीत धुराचा उग्र वास येऊ लागला आणि समोरच्या फलकावरील इंजिनचा पिवळा दिवा पेटला. पेट्रोलही अधिक लागू लागले होते. गॅरेजवाला म्हणाला, "कन्व्हर्टरच खराब निघाला." विक्रेता म्हणाला, "बसविण्यात चूक आहे, हमी लागू नाही." मोठ्या रकमेची वस्तू दुसऱ्यांदा विकत घेण्याची पाळी आली होती. तेवढ्यात आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींनी सांधा उघडून पाहिला. आतील गॅस्केट साध्या पत्र्यातून हाताने कापलेले होते आणि त्याची एक कड जळून गेली होती. योग्य गॅस्केट बसविताच दिवा विझला, वासही गेला. कन्व्हर्टर निर्दोष होता.

हे असे का घडते, हे समजण्यासाठी कन्व्हर्टरचे कार्य थोडक्यात पाहू. त्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेला चिनी मातीचा अथवा धातूचा ठोकळा असतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा सूक्ष्म लेप असतो. इंजिनातून येणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडे यांचे येथे कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व नायट्रोजन यांत रूपांतर होते. आपल्या देशात 1 एप्रिल 1995 पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हे साधन आवश्यक ठरले. शिशामुळे हा लेप निरुपयोगी होतो, म्हणून त्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले.

हे रूपांतर नीट व्हावयाचे तर हवा व पेट्रोल यांचे प्रमाण वजनाने सुमारे 14.7 ला 1 असावे लागते. त्यावर नजर ठेवण्यासाठी कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे ऑक्सिजनचे संवेदक असतात. इंजिनातून धूर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांमध्ये नळीतील दाब क्षणभर उतरतो आणि फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पहिल्या संवेदकाच्या आधी अशी फट असेल, तर इंधन कमी पडत आहे असा त्याचा समज होतो आणि इंजिनचा नियंत्रक पेट्रोल वाढवितो. ते जास्तीचे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळते, ठोकळा अतोनात तापतो आणि कालांतराने वितळूही शकतो. तराजूच खोटा असेल तर मापाडी कितीही प्रामाणिक असो, माप चुकणारच!

आता निवडीविषयी. पहिला प्रश्न सांध्याच्या आकाराचा. दोन सपाट फ्लँज समोरासमोर येत असतील तर तेथे सपाट गॅस्केट लागते. नळीचे तोंड गोलाकार असून बोल्टांवर स्प्रिंगा असतील तर तेथे जाड कड्यासारखे गॅस्केट लागते. ते इंजिनच्या हेलकाव्याबरोबर किंचित हलू देते. एकाच्या जागी दुसरे कदापि चालत नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. इंजिनजवळचा सांधा सर्वाधिक तापतो. टर्बो असलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये तेथील धूर 900 अंश सेल्सियसच्याही वर जाऊ शकतो. अशा ठिकाणी स्टेनलेस पोलादाचे अनेक थर असलेले, उठावदार कड्यांचे गॅस्केट उत्तम. ग्रॅफाइटचे गॅस्केट मऊ असल्याने थोडी खडबडीत फ्लँजही सांभाळून घेते. परंतु सुमारे 450 अंशांपुढे उघड्या हवेत ग्रॅफाइट हळूहळू जळू लागते. म्हणून ते घेतल्यास आत पोलादी पत्रा व भोकाच्या काठास पोलादी कड असलेलेच घ्यावे, आणि शक्यतो कन्व्हर्टरच्या मागील, कमी तापणाऱ्या सांध्यास वापरावे. जुन्या मोटारींतील गॅस्केटमध्ये अस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याने ते कोरडे खरवडू नये.

तिसरा प्रश्न मापाचा. गॅस्केटचे भोक नळीच्या भोकाहून लहान असेल तर धुरास अडथळा होतो व आत आलेली कड जळते. फार मोठे असेल तर दाबून धरण्यास पुरेशी जागा उरत नाही. अंदाजाने न घेता गाडीचा चॅसिस क्रमांक देऊन मागवावे आणि जुन्या गॅस्केटशी ताडून पाहावे. नव्या कन्व्हर्टरची फ्लँज मूळ फ्लँजहून निराळी असेल, तर त्याच्या उत्पादकाने सांगितलेलेच गॅस्केट घ्यावे.

उत्तम गॅस्केटही निष्काळजी हाती वाया जाते. एकदा दाबले गेलेले गॅस्केट पुन्हा वापरू नये. दोन्ही टोकांस नवीच घालावीत. फ्लँज स्वच्छ करून तिच्यावर पोलादी पट्टी उभी धरावी. खालून उजेड दिसला तर फ्लँज वाकलेली आहे असे समजावे. गंजलेले नट-बोल्ट बदलावेत. सर्व बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे, नेमून दिलेल्या जोरानेच आवळावेत. फट बुजविण्यासाठी साधे सिलिकॉन लावण्याचा मोह टाळावा. त्याची वाफ संवेदक व लेप दोन्ही बिघडविते.

गळतीची परीक्षा इंजिन थंड असताना, नुकते सुरू करून घ्यावी; कारण तापल्यावर धातू फुगून लहान फट तात्पुरती मिटते. टक्‌टक् आवाज अथवा सांध्याभोवती काळी काजळी ही गळतीची खूण होय. ही परीक्षा बंद गॅरेजमध्ये मात्र घेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आम्हांस घाटात जो वास आला तो इतर वायूंचा. त्यानेच आम्हांस सावध केले, हे आमचे सुदैव.

आपण व्यापारी माणसे. मोठ्या वस्तूचा भाव दहा ठिकाणी विचारतो आणि तिच्याबरोबरची लहान वस्तू दुकानदार देईल ती घेतो. येथे ती सवय सोडावी. बिलावर कन्व्हर्टरबरोबर गॅस्केटचाही क्रमांक लिहवून घ्यावा आणि काढलेले जुने भाग पाहण्यास मागावेत. यात पैसा वाचतो, घरच्यांचा जीव सुरक्षित राहतो, आणि मागून चालणाऱ्या वाटसरूस व मुक्या जीवांस आपल्या गाडीचा विषारी धूर सोसावा लागत नाही. अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या आपल्या समाजास हा शेवटचा लाभ कमी मोलाचा वाटू नये.

जय जिनेंद्र.