विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ

मंडळी, पेणहून रोह्याला एस.टी.नं जायचं तर वडखळ, नागोठणं, मग भिसे खिंड अशी वाट. अंतर 40 किलोमीटरच्या आसपास. पण नकाशावर पेण आणि रोहे या दोन ठिपक्यांना पट्टी लावा. ती रेघ भरते सुमारे 33 किलोमीटर. या सरळ अंतरालाच हवाई अंतर म्हणतात.

मोठं प्रवासी विमान वर गेलं की ताशी सुमारे 800 किलोमीटर जातं. म्हणजे पेण ते रोहे अडीच मिनिटं! भागाकार बरोबर, पण उत्तर चूक. कारण एवढ्याशा अंतरात विमान त्या वेगाला पोचायचंच नाही. हे कसं, ते खऱ्या दोन विमानतळांवरून पाहू.

मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर. ताशी 800 ने भागलं तर 51 मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास वेळ असतो. मग उरलेला वेळ गेला कुठे? विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत जायचं, पाळीसाठी थांबायचं. मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात. एकाच वेळी दोन्हींवर विमानं सोडता येत नाहीत.

शिवाय विमान शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्यावर उडतं. मुंबईत पश्चिमेचा वारा असला, तर पूर्वेला नागपूरकडे निघालेलं विमानही आधी समुद्राकडे तोंड करून उडतं आणि मग वळसा घेतं. वरच्या वाऱ्याचंही तसंच. धरमतरच्या खाडीत भरतीबरोबर आत येणारी होडी लवकर पोचते, ओहोटीत तीच रेंगाळते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात; ते नागपूरला जाताना ढकलतात, परतताना अडवतात.

आता समजा, रोह्याच्या एका मुलाची नागपुरात सकाळी 11 वाजता मुलाखत आहे. 9 चं विमान, साडेदहाला नागपूर, म्हणून तो निर्धास्त राहिला, तर नोकरी हातची गेलीच म्हणा! साडेदहाला विमान उतरेल. त्यातून बाहेर पडून सामान घेऊन गावात जायला वेळ लागेलच. इकडे उड्डाणाच्या दोन तास आधी हजर राहायचं आणि मुंबईपर्यंत तीन तास धरायचे, म्हणजे घर पहाटे 4 लाच सोडावं लागेल. पनवेलजवळचा नवी मुंबई विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. तिथून सोयीचं विमान मिळालं, तर आपल्याकडच्या माणसाची जमिनीवरची वाट कमी होते. बाकीचा हिशेब मात्र तसाच राहतो.

गुरुजींनी वर्गात हे गणित जरूर घालावं. आधी मुलांना नुसता भागाकार करू द्यावा आणि मग विचारावं, "बाळांनो, यात काय काय धरायचं राहिलं?" वेळापत्रक सांगतं ते विमानतळापासून विमानतळापर्यंतचं. आपला प्रवास असतो उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा. तिकीट काढण्याआधी हा दुसरा हिशेब कागदावर मांडा, म्हणजे ऐन वेळी धावाधाव होणार नाही.