तळ्याकाठचा रस्ता

प्रस्तावना

'पर्यावरण' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर घनदाट अरण्ये, बर्फाच्छादित शिखरे आणि वन्य पशुपक्षी उभे राहतात. परंतु आपण राहतो ती गल्ली, आपल्या इमारतीची गच्ची आणि अंगणातील विहीर हेदेखील पर्यावरणच आहे. चेन्नईच्या वेस्ट मांबलम या भागात राहणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीने आपल्या परिसरातील पाण्याचा अभ्यास केला. क्षेत्रभेटी आणि वाचन यांतून तिला जे उमगले, ते तिने या लेखात मांडले आहे.

मूळ पाठ

महाराष्ट्रातून चेन्नईला आलेल्या माणसाला पहिले आश्चर्य वाटते ते येथील पावसाचे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा पावसाळा. चेन्नईत मात्र पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. वर्षाकाठी येथे सरासरी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहरात पडणाऱ्या पावसाच्या तो जवळजवळ दुप्पट आहे. असे असूनही हे शहर तहानेसाठी प्रसिद्ध आहे.

२०१९ च्या जून महिन्यात शहराला पाणी पुरवणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळपास कोरडे पडले. रस्तोरस्ती रंगीत प्लॅस्टिकच्या घागरींच्या रांगा लागल्या. घराखालच्या टाकीला येथे 'संप' म्हणतात. तो भरण्यासाठी टँकरची वाट पाहत लोक रात्र-रात्र जागत. जुलैमध्ये दोनशेहून अधिक किलोमीटरवरील जोलारपेट्टै येथून पन्नास वाघिणींची आगगाडी एका खेपेस २५ लाख लिटर पाणी घेऊन येऊ लागली. मराठी वाचकाला येथे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आठवल्यावाचून राहणार नाही. परंतु लातूर हे अवर्षणाच्या छायेतील शहर आहे. चेन्नई तर समुद्रकाठचे, भरपूर पावसाचे शहर!

याच शहराची दुसरी बाजू त्याआधी चारच वर्षांपूर्वी दिसली होती. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये येथे १००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि डिसेंबरच्या आरंभी अडयार नदीने काठ सोडले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'मिचाँग' चक्रीवादळाने पुन्हा तोच अनुभव दिला. वेस्ट मांबलम आणि टी. नगर यांना जोडणारे रेल्वेमार्गाखालचे भुयारी रस्ते तर जोराच्या पावसात हमखास भरतात. ज्या गल्लीत डिसेंबरमध्ये गुडघाभर पाणी असते, त्याच गल्लीत जूनमध्ये टँकर यावा लागतो. हे कसे घडते, या प्रश्नाने माझ्या अभ्यासाचा आरंभ झाला.

तळ्याच्या जागी वस्ती

वेस्ट मांबलममध्ये एका रस्त्याचे नाव 'लेक व्ह्यू रोड' असे आहे. म्हणजे तळे दिसणारा रस्ता. या रस्त्यावर मी अनेकदा फिरले. दुकाने आहेत, इमारती आहेत, वाहनांची वर्दळ आहे; तळे मात्र कोठेही दिसत नाही. जुने नकाशे व नगराचा इतिहास वाचल्यावर या नावाचा उलगडा झाला. नुंगंबाक्कमपासून सैदापेटच्या दिशेने येथे एक लांबलचक जलाशय पसरलेला होता. इंग्रज त्याला 'लाँग टँक' म्हणत. १९२० च्या दशकात वाढत्या लोकसंख्येला घरे हवी होती. तेव्हा त्याचे पाणी काढून टाकून तळजमिनीवर टी. नगर ही आखीव वसाहत उभारण्यात आली. पुढे नुंगंबाक्कमच्या बाजूला, बुजवलेल्या तळ्याच्याच जागी, १९७६ मध्ये वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक उभे राहिले.

तमिळ भाषेत अशा तळ्याला 'एरी' म्हणतात. एरी म्हणजे पाण्याचा केवळ साठा नव्हे. एका बाजूला मातीचा अर्धवर्तुळाकार बांध घातलेली एरी पावसाचे पाणी अडवी, सावकाश जमिनीत मुरवी आणि जादा पाणी सांडव्यावाटे खालच्या एरीकडे सोडी. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी ही साखळी समुद्रापर्यंत जाई. पूर आवरणे आणि उन्हाळ्यासाठी विहिरींना पाणी देणे ही दोन्ही कामे ती एकाच वेळी करी. अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३ साली प्रकाशित झालेल्या हिंदी पुस्तकात देशभरातील तळ्यांची अशीच कहाणी सांगितली आहे. तळी बांधणारा आणि त्यांतील गाळ काढणारा समाज विस्कळीत झाला आणि मग तळीही गेली, हे त्या पुस्तकातून ध्यानी येते.

साखळीतील कडी तुटली तरी पाण्याचा उतार बदलत नाही. तळ्याची जमीन सखल होती. ती आजही सखल आहे. पाऊस जुन्याच वाटेने तेथे येतो. पूर्वी त्याला तळे भेटत असे. आता रस्ता, तळघर आणि भुयारी मार्ग भेटतो. वेस्ट मांबलम पूर्वी डासांसाठी आणि हत्तीरोगासाठी कुप्रसिद्ध होते, यामागेही साचणाऱ्या पाण्याचेच कारण होते.

गच्चीवरचा पाऊस

गेलेले तळे परत आणता येत नाही. मग मुरण्याचे त्याचे काम कोणी करायचे? या प्रश्नाचे एक उत्तर चेन्नईनेच देशाला दिले. सांथोम भागात २००२ मध्ये शेखर राघवन यांच्या पुढाकाराने 'रेन सेंटर' सुरू झाले. पर्जन्यजल-संधारणाची माहिती सामान्य माणसाला प्रत्यक्ष दाखवणे, हा त्याचा हेतू. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, तमिळनाडू शासनाने नव्या-जुन्या सर्व इमारतींना पर्जन्यजल-संधारण सक्तीचे केले.

ही योजना समजण्यास सोपी आहे. गच्चीवरचे पाणी नळीने खाली आणायचे. पहिल्या पावसाचे धूळमिश्रित पाणी वाहू द्यायचे. त्यानंतरचे पाणी दगड, खडी आणि वाळू यांच्या थरांतून गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडायचे. समुद्रकाठच्या वाळूत ते सहज मुरते. आतल्या भागात चिकणमाती असेल तर तिच्याखालच्या वाळूच्या थरापर्यंत खड्डा खोल न्यावा लागतो.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. २५० चौरस मीटरची गच्ची घेतली तर १४०० मिलिमीटर पावसात तिच्यावर ३,५०,००० लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के हाती लागले असे मानले तर ते २,८०,००० लिटर होते. अशा इमारतीत बारा कुटुंबे, प्रत्येकात चार माणसे, आणि माणशी रोज १३५ लिटर ही शहरी गरज धरली, तर रोजचा खर्च ६,४८० लिटर येतो. म्हणजे वर्षभराचा पाऊस त्या इमारतीला सुमारे ४३ दिवस पुरेल.

हा आकडा पाहून प्रथम मी निराश झाले. वर्षाचे ३६५ दिवस आणि पाणी ४३ दिवसांचे! पण ज्या उन्हाळ्यात टँकरसाठी रात्र जागावी लागते, त्या उन्हाळ्यातले ४३ दिवस ही लहान गोष्ट नाही. शिवाय तेवढे पाणी रस्त्यावर न आल्यामुळे पुराचा भारही तेवढा हलका होतो. मात्र याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. जमिनीत मुरलेले पाणी आपल्या कुंपणाच्या आत थांबत नाही. मी मुरवलेले पाणी शेजाऱ्याच्या कूपनलिकेतून वर येऊ शकते. आपल्या देशात जमिनीच्या मालकाला तिच्याखालचे पाणी उपसण्याचा अधिकार १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या आधारे मानला जातो. परंतु पाणी हे कायदा वाचून वाहत नाही. एकाने मुरवायचे आणि दुसऱ्याने अधिक खोल खणून उपसायचे, असे चालू राहिले तर मुरवणाऱ्याचा उत्साह किती काळ टिकेल?

पाणथळाची भेट

या प्रश्नासह मी शहराच्या दक्षिणेकडील पळ्ळिकरणै पाणथळ पाहावयास गेले. दक्षिण चेन्नईतील अनेक तळ्यांचे जादा पाणी येथे येते आणि ओक्कियम मडुवु या प्रवाहातून पुढे कोवळम खाडीकडे जाते. उथळ पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी आणि बगळे पाहून मन प्रसन्न होते. पण दृष्टी थोडी वळवली की पेरुंगुडीच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्याची जागा आणि चहूबाजूंच्या उंच इमारती दिसतात. या पाणथळाचा फार मोठा भाग गेल्या काही दशकांत भराव आणि बांधकाम यांखाली गेला. उरलेल्यापैकी काही भाग २००७ मध्ये राखीव वन म्हणून घोषित झाला, आणि २०२२ मध्ये पळ्ळिकरणैला 'रामसर स्थळ' असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. मांबलमचे तळे वाचवणारे कोणी नव्हते. पळ्ळिकरणैसाठी नागरिक, अभ्यासक आणि न्यायालये यांना झगडावे लागले, म्हणून ते अंशतः तरी उरले.

समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प मिंजूर येथे २०१० मध्ये आणि नेम्मेली येथे २०१३ मध्ये सुरू झाले. शहराला त्यांचा आधार आहे, हे नाकारता येत नाही. परंतु त्यांना वीज फार लागते, आणि उरलेले अतिखारट पाणी पुन्हा समुद्रातच सोडावे लागते. आकाशातून आलेले गोडे पाणी समुद्रात जाऊ द्यायचे आणि मग तेच समुद्रातून विकत घ्यायचे, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणता येईल का?

ताळेबंदाचा धडा

सामायिक पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर मला अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) हिवरे बाजार या गावाविषयी वाचताना सापडले. चेन्नईच्या मानाने तेथे पाऊस फारच थोडा. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने समतल चर खणले, बंधारे बांधले, झाडे लावली. पण गाव तेवढ्यावर थांबले नाही. शेतीसाठी कूपनलिका खणायच्या नाहीत, उसासारखी फार पाणी पिणारी पिके टाळायची, असे नियम ग्रामसभेने केले. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्याप्रमाणे पिके ठरवायची, ही तेथील रीत आहे. पाणी मुरवण्याइतकेच ते उपसण्याचे नियम एकत्र बसून ठरवणे महत्त्वाचे आहे, हे हिवरे बाजारने दाखवले.

१९८७ मध्ये ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 'शाश्वत विकास' ही कल्पना जगापुढे ठेवली. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या पिढीच्या गरजा भागवणे, असा तिचा आशय आहे. पुस्तकात हे वाक्य दूरचे वाटते. लेक व्ह्यू रोडवर मात्र ते जवळ येते. १९२० च्या दशकातील माणसांना घरे हवी होती. त्यांची गरज खोटी नव्हती. पण त्या निर्णयाची किंमत शंभर वर्षांनंतर आम्ही मोजत आहोत. आज आम्ही घेत असलेल्या निर्णयांची किंमत जे मोजतील, ते अजून जन्माला यायचे आहेत.

म्हणून मोठ्या संकल्पाआधी करता येण्याजोगी कामे मी लिहून काढली आहेत. सप्टेंबर संपण्यापूर्वी गच्ची झाडणे, नळ्या मोकळ्या करणे आणि गाळणखड्ड्यातील वाळू धुणे. २००३ साली बसवलेल्या अनेक योजना केवळ गाळ साचल्यामुळे निरुपयोगी झाल्या आहेत. विहिरीच्या पाण्याची पातळी दरमहा मोजून जिन्याजवळच्या फलकावर लिहिणे. आणि इमारतीच्या बैठकीत 'टँकर कधी मागवायचा' या विषयासोबत 'पाणी किती उपसायचे' हा विषयही मांडणे. बारा कुटुंबांची ही बैठक म्हणजे आमची लहानशी ग्रामसभाच होय.

शब्दार्थ

अवर्षण – पाऊस न पडणे. सांडवा – जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. पाणथळ – उथळ पाण्याने व्यापलेली जमीन. ताळेबंद – जमाखर्चाचा मेळ. समतल चर – उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर.

विचार करा

१. 'पाणी हे कायदा वाचून वाहत नाही' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. आपल्या घराच्या छपराचे क्षेत्रफळ मोजा आणि गावातील सरासरी पावसावरून वर्षभरात मिळू शकणारे पाणी काढा.
३. आपल्या परिसरातील एखाद्या रस्त्याच्या किंवा वस्तीच्या नावात तळे, ओढा अथवा विहीर दडली आहे का? वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.