जुन्या सायकलीचें नवें आयुष्य



जुलै २०२१ मध्यें सावित्रीचा पूर महाडांत शिरला, तेव्हां आमच्या पडवींतील माझी जुनी काळी सायकल हँडलापर्यंत पाण्यांत बुडाली. पाणी ओसरल्यावर घरांतील मंडळी म्हणाली, "ही आतां भंगारांत द्यावी." तिच्यावरून मी पुष्कळ वर्षें शाळेंत गेलों होतों; परंतु केवळ ममतेपोटीं मीं ती ठेविली नाहीं. सांगाडा शाबूत होता, आणि बिघडलेला प्रत्येक भाग बाजारांत मिळणारा होता. तो कसा ओळखावा व केव्हां बदलावा, हें आज सांगावयाचें आहे.

आपल्याकडील काळी सायकल मूळ इंग्रजी घडणीची. १९५१ सालीं सोनिपत येथें ॲटलसचा व १९५६ सालीं लुधियाना येथें हिरोचा कारखाना निघाला, तरी घडण बहुतांशीं तीच राहिली. ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० सालीं बंद पडला. पण त्याच्या साध्या सायकलीस दुसऱ्या कारखान्याची साखळी आजही बसते. कारखाना जातो, माप राहतें. म्हणून दुकानांत नुसतें नांव सांगूं नये. माप सांगावें, आणि शक्य तर जुना भागच बरोबर न्यावा.

मापांत गफलत सहज होते. "अठ्ठावीस इंची" म्हणून विकले जाणारे टायर एकाच मापाचे नसतात. कांहींवर ६३५, तर कांहींवर ६२२ हा आंकडा असतो. रिमवर टायर जेथें बसतो, तेथील तो मिलिमीटरांतील व्यास होय. तेरा मिलिमीटरांची तफावत ओढूनताणून भरून निघत नाहीं.

पुराचा गाळ चाकांच्या तुंब्यांत शिरतो. तुंबा उघडून रॉकेलनें धुवावा व छर्रे सगळेच नवे घालावे. जुन्यांत नवे मिसळूं नयेत. मग ताजें ग्रीस भरून चाक मोकळें फिरेल, पण डुलणार नाहीं, इतपतच आवळावें.

साखळीची परीक्षा पट्टीनें होते. एका खिळ्यावर शून्य धरावें; पुढचा चोविसावा खिळा बरोबर १२ इंचांवर आला पाहिजे. तो अष्टमांश इंच पुढें गेला, कीं साखळी बदलावी. आळस केल्यास दांते झिजतात, व साखळीबरोबर चक्रांचाही खर्च पडतो.

डावें पायडल उलट्या आट्यांचें असतें. तें घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविल्यास सुटतें. हें न जाणतां मीं एकदां जोर केला आणि चांगला दांडा वायां घालविला. शिक्षकासही अशी फी भरावी लागते!

सर्वांत महत्त्वाचा ब्रेक. पोलादपुराहून एक रस्ता कशेडी घाटानें खेडकडे, दुसरा आंबेनळी घाटानें महाबळेश्वराकडे चढतो. तेथून उतरतांना, पावसानें भिजलेल्या लोखंडी रिमवर ब्रेकची पकड फारच कमी होते. म्हणून पावसाळ्यापूर्वीं रबर बदलावें, उतारावर आरंभापासूनच वेग आवरावा, आणि भरवसा नसेल तर खालीं उतरून चालावें. त्यांत कमीपणा नाहीं.

मात्र सांगाड्यास, विशेषतः पुढच्या चिमट्यास, तडा गेला असेल तर मोह सोडावा. तेथें काटकसर करणें म्हणजे जिवाशीं खेळणें होय.

माझ्या सायकलीचा सांगाडा व हँडल तेवढें मूळचें उरलें आहे. ती आतां नातू चालवितो. दर रविवारीं साखळीला पट्टी मात्र तोच लावतो. सायकल देतांना मीं घातलेली ही एकच अट होय.